क्लोजिंगचा आठवडा आणि ट्रायथलॉन: मुंबईत नोकरी सांभाळून तयारी कशी करायची

मुलुंडला उतरायचं होतं, जाग आली कल्याणला. सगळा लेडीज डबा रिकामा झाल्यावर एका बाईंनी खांदा हलवला, "अहो मॅडम, गाडी यार्डात जाईल." त्या आठवड्यात मी रोज साडेचारला उठत होते आणि झोपायला साडेअकरा वाजत होते. उलट्या गाडीने घरी परतेपर्यंत दहा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका व्हाउचरवर एक शून्य जास्त पडलं. ते ज्यांच्या नजरेला पडलं त्या साहेबांनी मला काही बोलून दाखवलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा मी इंटरनेटवरून उतरवलेलं एक छान रंगीत वेळापत्रक पाळत होते. आठवड्याला दहा तास, त्यात दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा व्यायाम. बनवणाऱ्याने सेंट्रल लाइन पाहिली नसावी. मी फोर्टात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करते, राहते मुलुंडला, घरी नवरा, शाळकरी मुलगी आणि सासूबाई. ट्रायथलॉन म्हणजे एकाच शर्यतीत लागोपाठ पोहणं, सायकल आणि धावणं. आजवर दोन स्प्रिंट आणि दोन ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉन पूर्ण केल्या, सगळ्या मागच्या निम्म्यात. त्यामुळे वेगाचं मला विचारू नका. नोकरी, लोकल आणि तीन खेळ एका आठवड्यात कसे बसवायचे, तेवढं सांगू शकते.

आधी सर्वात वाईट आठवडा मोजा

वेळापत्रक आखायला बसलं की आपल्या डोळ्यांसमोर चांगला आठवडा असतो. मीटिंग वेळेवर संपतात, गाड्या वेळेवर येतात, कुणालाही ताप येत नाही. असा आठवडा वर्षात फार तर दहा-बारा वेळा येतो. म्हणून उलटं करा. गेल्या तीन महिन्यांतला सर्वात वाईट आठवडा आठवा, आणि त्यात तुम्ही किती तास काढू शकला असता ते प्रामाणिकपणे लिहा.

माझं गणित असं निघालं. आठवड्याचे १६८ तास. रोज सात तास झोप, म्हणजे ४९. ऑफिस नऊ तास पाच दिवस, ४५. दारापासून टेबलापर्यंत सव्वा तास, जाऊन-येऊन अडीच, पाच दिवसांचे साडेबारा. उरले साडेएकसष्ट. ऐकायला पुष्कळ वाटतात. त्यातून स्वयंपाक, डबे, भाजी, आंघोळी, मुलीचा अभ्यास, सासूबाईंचा दवाखाना असे रोजचे चार तास काढले की साडेतेहेतीस राहतात, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत. मंगळवारी वीस मिनिटं, गुरुवारी पाऊण तास, रविवारी सकाळ. तुकड्यात बसेल तोच व्यायाम होतो, बाकीचा नुसता कागदावर राहतो. क्लोजिंगच्या, म्हणजे मागच्या महिन्याचे हिशोब बंद करायच्या आठवड्यात माझ्याकडे जेमतेम सव्वादोन तास निघाले. तोच माझा पाया. चांगल्या आठवड्यात मी त्यावर चढवते, पण सव्वादोनाच्या खाली सहसा येत नाही.

तुमचं क्लोजिंग वेगळं असेल. कुणाचं सॉफ्टवेअर रिलीज असतं, कुणाची परीक्षेच्या पेपरांची गठ्ठेवारी, कुणाची नाइट शिफ्ट. ते महिन्याच्या कुठल्या तारखांना येतं हे बहुधा ठाऊक असतं. त्या तारखा कॅलेंडरवर लाल करा. मग सण लिहा. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, गावची जत्रा. सण लिहायला विसरलात तर घरातले आठवण करून देतीलच, आणि त्या स्वरात करून देतील की त्या दिवशीचं धावणं गोड लागणार नाही.

अंतर कुठलं घ्यायचं

स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर त्याच्या दुप्पट, १.५, ४० आणि १०. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतराने. त्यापुढे अर्ध आयर्नमॅन, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि वर अर्धी मॅरेथॉन. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट.

माझ्या अनुभवाने स्प्रिंटला आठवड्याचे चार-पाच तास पुरतात, ऑलिंपिकला सहा ते आठ, अर्ध्या आयर्नमॅनला शेवटचे दोन-अडीच महिने आठ ते दहा. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर पहिली आयर्नमॅन ७०.३, म्हणजे अर्ध आयर्नमॅनच, झाली, तेव्हापासून मुंबईतले बरेच जण पहिल्याच वर्षी तिकडे उडी मारतात. मला हे पटत नाही. एक वर्ष स्प्रिंट आणि ऑलिंपिकला द्या. ऑफिसला, घराला आणि तुमच्या गुडघ्यांना सवय होऊ द्या. आणि जर आज ४०० मीटर न थांबता पोहता येत नसेल, तर नावनोंदणीच्या भानगडीत पडू नका. तीन महिने फक्त पोहणं शिका, सोबत थोडं धावा. सायकल मागाहून येते. पोहणं येत नाही.

महिन्याचं चक्र कामाला बांधा

या लेखातलं एकच कलम उचलायचं असेल तर हे उचला. कुठलाही प्रशिक्षक सांगेल की तीन आठवडे चढतं काम करा आणि चौथा हलका ठेवा, कारण शरीर सुधारतं ते विश्रांतीत. आता हा हलका आठवडा तुम्ही कुठे ठेवता? बहुतेक लोक वेळापत्रकात जिथे छापला असेल तिथे ठेवतात. मी तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवते, कारण तेव्हा आमचं क्लोजिंग असतं. शरीराची विश्रांती आणि ऑफिसची धावपळ एकाच आठवड्यात. रात्री नऊला घरी आले तरी मनाला टोचणी नाही, कारण त्या दिवशी करायचं काहीच नव्हतं.

त्या उण्या आठवड्यात तीनच गोष्टी असतात: पाऊण तास पोहणं, पाऊण तास सायकल, पाऊण तास धावणं. मात्र सायकल आणि धावण्यात थोडा जोर ठेवते, प्रत्येकी चार-पाच मिनिटांचे दोन-तीन वेगवान तुकडे. तास कमी झाले तरी जोर टिकला तर एक-दोन आठवड्यांत कमावलेलं जात नाही. हे मला समजायला दोन वर्षं लागली. तोवर मी क्लोजिंग संपल्याच्या शनिवारी आठवड्याचं सगळं राहिलेलं एकदम भरून काढायचे आणि सोमवारी पायऱ्या उतरताना कठडा धरायचे.

यावरून दुसरा नियम. सुटलेला व्यायाम सुटला. उधारी नाही. अपवाद फक्त लांब सायकलीचा. रविवारी जमली नाही तर शनिवारच्या धावण्याशी अदलाबदल करायची.

भरलेला आठवडा

सोमवार मोकळा, कारण आमचा तलाव सोमवारी बंद. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पोहणं. बुधवारी पहाटे घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरणाऱ्या स्टँडवर, सायकल. गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर धावणं. हे चारही पाऊण-पाऊण तासाचे. शनिवारी सव्वा तास निवांत धावणं, रविवारी सायकल आणि लगेच वीस मिनिटं धावणं मिळून तीन तास. बेरीज सव्वासात. ऑलिंपिक अंतराला मला हे पुरलं आहे.

आता एकेक.

तलाव

मुंबईत तलाव म्हणजे बॅच, आणि बॅच म्हणजे मर्यादित मिनिटं. महापालिकेच्या तलावांवर सभासदत्व मिळवायला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि जागा पटकन भरतात, म्हणून शर्यत ठरवण्याआधी तलाव ठरवा. दादरला शिवाजी पार्काजवळचा महात्मा गांधी तलाव, अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, विलेपार्ल्याचं ठाकरे संकुल, आमच्याकडे मुलुंडला कालिदास. घराजवळचा किंवा ऑफिसजवळचा घ्या. वाटेतला घेऊ नका. "जाता जाता उतरेन" म्हणून घेतलेल्या तलावावर मी अकरा वेळा गेले. वर्षभरात.

सकाळी सहाच्या बॅचला पाणी मोकळं मिळेल ही आशा सोडा. भिंतीला टेकून गप्पा मारणाऱ्या काकू असतात, आडवे पोहणारे काका असतात, आणि त्यांनीही पैसे भरलेले असतात. मी खोल बाजूची कडेची पट्टी धरते, तिथे गर्दी कमी. दोनशे मीटर सावकाश, मग चार वेळा पन्नास मीटर फक्त हाताच्या आणि श्वासाच्या सरावाचे, मग आठ वेळा पन्नास मीटर जरा नेटाने, प्रत्येकानंतर पंधरा-वीस सेकंद दम. शेवटी शंभर सैल. नऊशे मीटर होतात आणि पाऊण तासात बसतात. शुक्रवारी लांब तुकडे, तीनशे-तीनशेचे. महिन्यातून एकदा थेट दीड किलोमीटर. शंभर मीटरला अडीच मिनिटं लागत असतील तर साडेसदतीस मिनिटांत होतो, बॅच संपायच्या आत.

दर सहा-आठ हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याबाहेर काढून समोरचं एखादं खूण-चिन्ह बघायची सवय तलावातच लावा. शर्यतीच्या पाण्यात तळाला काळी रेघ नसते. पहिल्या स्पर्धेत मी सरळ जातेय असं समजून नौकावाल्या स्वयंसेवकाच्या दिशेने निघाले होते; त्याने वल्ह्याने दिशा दाखवली.

समुद्राचा सराव पावसाळा संपल्यावर, आणि एकटीने कधीच नाही. अनुभवी गट, किनाऱ्यावर माणूस, ठळक रंगाची टोपी. आधी स्वतंत्र समुद्री स्पर्धा करायची असेल तर डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर होते. तिथे छोटी अंतरंही असतात आणि सोबतीच्या घरच्यांना मासे खाता येतात, त्यामुळे परवानगी लवकर मिळते.

सायकल

मुंबईकर ट्रायथलीटची खरी अडचण हीच. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू, जे जे रस्ते सायकलसाठी स्वप्नवत दिसतात तिथे सायकलला बंदी आहे. उरतात पहाटेचे नेहमीचे रस्ते. दक्षिणेकडचे लोक मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंटच्या फेऱ्या मारतात, मधले बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), बोरिवलीकर राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर, ठाणेकर येऊरला. आम्ही मुलुंडवाले ऐरोली पुलावरून खाडी ओलांडतो, वाशी, मग पाम बीच रोडने बेलापूर आणि परत. साधारण पन्नास किलोमीटर. पाचला निघायचं आणि आठच्या आत ऐरोली पूल परतीला ओलांडायचा. त्यानंतर रस्ता गाड्यांचा.

मागे-पुढे दिवा, हेल्मेट, एक जादा ट्यूब, छोटा पंप आणि स्वतः पंक्चर काढता येणं, एवढं पुरे. पाम बीचवर गाड्या सुसाट असतात, म्हणून तीन-चार जणांनी मिळून, पण एकामागे एक. बाईमाणसाने पहाटे एकटीने जाऊ नये असं मी म्हणणार नाही, मी स्वतः गेले आहे. पण गटात गेलं की घरचे झोपू शकतात, हे खरं.

आठवड्यातली दुसरी सायकल घरात. मागचं चाक ज्यावर फिरतं तो साधा ट्रेनर जुना मिळाला तर बघा. माझा हॉल आणि बाल्कनी यांच्या उंबऱ्यावर मांडलेला असतो. खाली जुनी गादी, तिच्यावर योगाची मॅट, कारण खालच्या मजल्यावर जोशीकाका राहतात आणि पावणेसहाची घरघर त्यांच्या छतातून उतरते. आधी जाऊन सांगून आले होते, सोबत नारळाच्या वड्या घेऊन. पंखा थेट अंगावर हवा, आणि हँडलवर टॉवेल, नाहीतर घाम थेंबाथेंबाने बोल्टांवर पडून महिन्याभरात गंज चढतो. दहा मिनिटं सैल, मग आठ-आठ मिनिटांचे तीन जोराचे तुकडे, मध्ये चार-चार मिनिटं हलके, शेवटी तीन मिनिटं सैल. पंचेचाळीस. "जोराचे" म्हणजे एकदोन शब्द बोलता येतील पण पूर्ण वाक्य नाही. घरातल्या पाऊण तासात सिग्नल नाही, उतार नाही, चहा नाही. रस्त्यावरच्या तासाहून जास्त काम होतं.

रविवारी सायकलवरून उतरलं की बूट बदलून लगेच वीस मिनिटं धावायचं. पाय दुसऱ्याच कुणाचे आहेत असं वाटतं. ते शर्यतीत पहिल्यांदा वाटू नये म्हणून.

धावणं, तेही गर्दीच्या वेळी

गुरुवारच्या धावण्याचा मला अभिमान आहे, म्हणून जरा विस्ताराने. ऑफिस साडेसहाला सुटतं. त्या वेळी सीएसएमटीवर जी गर्दी असते तिच्यात शिरायचं, तासभर उभं राहायचं आणि आठला घरी पोचायचं, हे नेहमीचं. गुरुवारी मी ऑफिसातच कपडे बदलते, बॅग तिथेच ठेवते, किल्ली आणि फोन पट्ट्यात. चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह गाठते, एनसीपीए नाट्यगृहाच्या, म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकापासून गिरगाव चौपाटीच्या दिशेने जाते आणि घड्याळात बावीस मिनिटं झाली की मागे वळते. त्या टोकापासून चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या थोडं वर अंतर आहे, म्हणजे वेगवान माणसाची पूर्ण फेरी होईल. माझी विल्सन कॉलेज दिसायला लागलं की वळायची वेळ होते.

ऑफिसात परत येऊन तोंड-हात धुते, ओल्या टॉवेलने अंग पुसते, कोरडे कपडे, आणि आठच्या आसपासची गाडी. तोवर रेटारेटी ओसरलेली असते, बहुतेक वेळा ठाणे लोकलला बसायला मिळतं. घरी नवाला. हिशोब बघा: पाऊण तासाच्या व्यायामाला मी घरचा फक्त एक तास खर्च केला, आणि तो तास गर्दीत चेंगरण्यातून वाचवलेला. घामाचे कपडे मात्र घट्ट बंद होणाऱ्या पिशवीतच ठेवा. लेडीज डब्यात त्याबद्दल बोलून दाखवतात.

शनिवारचं सव्वा तासाचं धावणं इतकं हळू हवं की शेजारी धावणाऱ्या मैत्रिणीला सगळी गोष्ट सांगता येईल. तिचं लग्न, तुमचं प्रमोशन, सगळं. हळू धावायला लाज वाटते म्हणून लोक हे धावणं बिघडवतात आणि रविवारच्या सायकलीला पाय उरत नाहीत.

झोपेचा नियम

रात्री साडेअकरानंतर आडवी झाले तर सकाळचा गजर बंद. चर्चा नाही. व्यायाम गेला तरी चालेल. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटाची नाडी एक मिनिट मोजते. माझी नेहमीची ५८ ते ६०. ती सहा-सात ठोके वर असेल आणि दोन दिवस तशीच राहिली, तर काहीतरी शिजतंय. सर्दी येतेय किंवा काम जास्त झालंय. त्या दिवशी फक्त चालणं.

आदल्या रात्रीची तयारी हा झोपेचाच भाग धरा. टोपी, गॉगल, टॉवेल, ऑफिसचे कपडे, आयकार्ड, सगळं दाराच्या खुंटीला. पाच वाजता दिवा लावून गॉगल शोधणारी बाई घरात लोकप्रिय होत नाही.

डबा आणि पाणी

पोहायच्या आधी दोन खजूर किंवा एक वेलची केळं, अर्धा कप चहा. परत आल्यावर नीट नाश्ता, मी बहुधा आदल्या रात्रीच्या पिठाचं धिरडं किंवा थालीपीठ आणि दही. दुपारच्या डब्यात उसळ हवीच. डाळ-भात-पोळी-बटाटा एवढ्यावर प्रथिनं पुरत नाहीत. आणि पाच वाजताचं खाणं विसरू नका. गुरुवारी साडेसहाला धावायचं तर पाचला शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. ऑफिसातल्या वाढदिवसाच्या सामोशावर धावून बघितलंय, नको.

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि शरीर थंड होत नाही. एकदा हे करा: तासभर धावण्याआधी आणि नंतर, कपडे न घालता, वजन करा. मधे पाणी प्यायला नसाल तर जेवढे ग्रॅम कमी, जवळपास तेवढे मिलिलिटर घाम. माझा मे महिन्यात तासाला सव्वा लिटर निघाला. दीड तासाच्या वरच्या कामाला मी घरचंच पेय करते: एक लिटर पाण्यात पाच सपाट मोठे चमचे साखर, म्हणजे साधारण ६० ग्रॅम, पाव लहान चमचा मीठ, एका लिंबाचा रस. लांब सायकलीवर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, ती या बाटलीतून आणि वरच्या दोन खजुरांतून भागतात. रक्तदाब किंवा साखरेचा त्रास असेल तर मीठ-साखरेचं डॉक्टरांना विचारून. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी चालते, निर्जळी करणार असाल तर त्या दिवशी व्यायाम नको.

पावसाळा

वर्षअखेरच्या शर्यतीसाठीची मेहनत नेमकी जून ते सप्टेंबरमध्ये करायची असते, म्हणजे रस्त्यात खड्डे, समुद्र बंद आणि लोकल बेभरवशाची. मी या चार महिन्यांत रस्त्यावरची सायकल जवळपास थांबवते. खड्डा पाण्याखाली दिसत नाही, आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात. रविवारची सायकल ट्रेनरवर दीड तास, फार तर दोन. त्यापुढे कुणी टिकत असेल तर नमस्कार. ऊन पडलेला एखादा रविवार आला की मात्र घरातलं सगळं टाकून पाम बीच.

धावायला पावसाळा उत्तम, हवा तरी सुसह्य असते. बुटांचे दोन जोड ठेवा. भिजलेल्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली, बोळे रात्री एकदा बदलायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात.

साचलेल्या पाण्यातून धावू नका, सायकलही घालू नका. पायाला खरचटलेलं असेल आणि तसल्या पाण्यातून चालावं लागलं, तर लेप्टोचा, म्हणजे उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. मोठ्या पावसानंतर महापालिका दरवर्षी याचा इशारा देते. घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि औषध घ्यायचं का हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारा. ताप येण्याची वाट बघू नका.

साहेब आणि घर

ऑफिसात छंदाचं कौतुक एक दिवस होतं, नंतर प्रत्येक चुकीचं खापर त्यावर फुटतं. म्हणून मी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. शर्यतीची तारीख, पाच महिने आधी, रजेच्या अर्जासह. आणि गुरुवारी साडेसहाला मी निघते, त्या बदल्यात बुधवारी उशिरापर्यंत थांबते. क्लोजिंगमध्ये कुठलीही सवलत मागितली नाही. स्पर्धा निवडतानाच तिमाहीच्या अखेरच्या तारखा टाळल्या, त्यासाठी एक आवडती स्पर्धा सोडावी लागली. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी दोन कॉलच्या मध्ये ट्रेनरवर बसण्याचा मोह होतो. कॅमेरा चालू करायला सांगितल्यावर काय होतं ते मी पाहिलंय.

घरचं अवघड. माझ्या सकाळच्या पाऊण तासाची किंमत दुसरं कुणीतरी चुकवत होतं, सासूबाई पोळ्या लाटून आणि नवरा मुलीची वेणी घालून. त्याची वेणी अजूनही तिसऱ्या पेडाला सुटते. आम्ही फ्रिजवर आठवड्याचा कागद लावला: कोणत्या सकाळी मी नाही, आणि त्या बदल्यात कोणती संध्याकाळ पूर्ण माझ्यावर. शनिवार संध्याकाळ आणि रविवार दुपार मी व्यायामाचं नावही काढत नाही. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "या वयात कशाला गं हे पाण्यात पडणं." आता नाक्यावरच्या बायकांना त्याच सांगतात, आमच्या सुनेची नाडी ५८ आहे.

शर्यतीचा आठवडा

शेवटचे दहा-बारा दिवस व्यायामाचे तास निम्म्यावर आणा, जोराचे छोटे तुकडे ठेवा. वाचलेल्या वेळात ऑफिसातलं पुढचं काम उरकून ठेवा आणि लवकर झोपा. नवीन गॉगल, नवीन बूट, नवीन एनर्जी जेल, काहीही नवीन त्या आठवड्यात नको. सायकल बसने किंवा गाडीने न्यायची तर पेटीत भरण्याचा सराव घरी एकदा करा. मी लॉजच्या खोलीत रात्री अकराला पेडल उलट्या बाजूने आवळत बसले होते. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं.

आणि रजेच्या अर्जात शुक्रवारसोबत सोमवारही टाका. पहिल्या वर्षी मी टाकला नव्हता. रविवारी रात्री एकला घरी, सोमवारी सकाळी मुलुंडच्या पुलावर, एकेक पायरी आडवी होऊन उतरताना मागची गर्दी ओरडत होती, आणि ८.२० ची गाडी माझ्यासमोरून गेली.